कुंदाचा गुडघा

शेणवे गावात आमच्या घराची एक भिंत आणि भातगिरणीची एक भिंत एकच होती. गिरणी बाबा चालवायचे. ती सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी फळीवर बारीक थरथरायची आणि असं सगळ्यांच्याच घरी होत असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. भात भरडायला आलेल्या बायका ओटीवर टेकायच्या, आई त्यांना चहा द्यायची, आणि बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं अशी घरातल्या सगळ्यांना सवय लागली होती. आजही माझा मुलगा फोनवर म्हणतो, "आई, ओरडू नको, ऐकू येतंय मला." केसांत कोंडा, कपड्यांना कोंडा, चुलीतही कोंडाच. कुंदा आणि मी पाठोपाठच्या बहिणी, मी मोठी. एकाच गोधडीत झोपायचो, एका ताटात जेवायचो, आणि ताटातला सुकटीचा मोठा वाटा कोणाच्या बाजूला आहे यावरून रोज भांडायचो. त्या भांडणात मी बहुतेक वेळा जिंकायची, कारण घरात एक नियम होता: जी खेळते तिला जास्त. आणि खेळत होते मी.

आमच्या हायस्कूलचे व्यायामशिक्षक दळवी सर यांनी मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला होता. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते आम्हाला मैदानावर घाम काढायला लावायचे. मी चढाईला जायची. माझी उंची बेताची, पण उडी मोठी. दोघीतिघींची साखळी माझ्यावर चालून आली की मी तिच्यावरून उडी मारून मध्यरेषेकडे पळायची, आणि मैदानाच्या कडेला उभी असलेली माणसं "सुमे, सुमे" करून ओरडायची. शहापूर, मुरबाड, किन्हवली, जिथे सामने असतील तिथे आम्ही टेम्पोतून जायचो. निघायच्या दिवशी आई मला तांदळाच्या भाकरीबरोबर उकडलेलं अंडं द्यायची. कुंदाला अंडं नसायचं. ती संघात होती, पण राखीव. ती माझ्या ताटाकडे बघायची आणि मी मुद्दाम सावकाश खायची. जिल्ह्याच्या संघात निवड झाली की पुढे राज्याचा संघ, आणि राज्याकडून खेळलेल्या मुलींना पोलिसात नोकरी लागते असं सर सांगायचे. नाही झाली, तर मुरबाडच्या आत्याने माझ्यासाठी एक मुलगा बघूनच ठेवला होता. तेव्हा ती उडी माझ्यासाठी नुसती उडी नव्हती.

पाय गेला तो एका साध्या सरावाच्या सामन्यात. मी साखळीवरून उडी मारली, उजव्या पायावर उतरले आणि त्याच पायावर गर्रकन वळून मध्यरेषेकडे निघाले. निघाले म्हणजे अंग निघालं. पाऊल जमिनीत रुतल्यासारखं तिथेच राहिलं, गुडघा आत वळला, आणि ओली काटकी मोडावी तसा आवाज माझा मलाच ऐकू आला. मी पडले. सगळ्या जणी धावत आल्या.

"कोणी पाडली हिला?" सरांनी विचारलं.

"कोणी हात पण नाय लावला, सर," डाव्या कोपऱ्यावरची मुलगी म्हणाली. "आपली आपणच पडली."

हे वाक्य पुढे मला फार छळणार होतं. घरी येईपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. बाबांनी शेजारच्या गावातल्या हाडवैद्याला आणलं. त्याने चाचपून सांगितलं, हाड मोडलेलं नाय, नस चढलीय. हळद आणि कसला तरी पाला लावून त्याने गुडघा घट्ट बांधला. आईने बकऱ्याच्या पायांचं सूप करायला घेतलं. सकाळभर ते चुलीवर रटरटायचं, घरात मिरी आणि लसणीचा वास भरून राहायचा. तो काळ मला बरा वाटला होता हे आता आठवून हसू येतं. मी ओटीवर पाय लांब करून बसायची, भात घेऊन आलेली प्रत्येक बाई माझी चौकशी करायची, आणि कुंदा माझ्या वाटणीचं पाणी भरायची.

सूज उतरली. मी चालायला लागले, मग धावायलासुद्धा. सरळ धावले की काही होत नव्हतं. सर खूश झाले. पण मैदानात चढाईला गेले, एक हूल देऊन वळले, आणि गुडघ्याच्या आत काहीतरी सरकलं. वरचं हाड एकीकडे, खालचं दुसरीकडे. मी धप्पकन बसले. पुन्हा सूज. पुन्हा विश्रांती, पुन्हा मैदान, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडले तेव्हा कडेच्या माणसांतून कोणीतरी म्हणालं, "घाबरली ती आता. चालते तर नीट." आईलाही तसंच वाटायला लागलं होतं. "सुमे, मनातली भीती काढ गो," असं ती म्हणायची. ज्या पायाने मी विहिरीवरून हंडा आणत होते, तो पाय खेळताना मला दगा देतो हे मी कोणाला कसं दाखवणार? बाहेरून गुडघा अगदी दुसऱ्या गुडघ्यासारखाच दिसायचा.

सरांनी कुंदाला चढाईला घेतलं. दुसरी कोणी नव्हतीच. ती माझ्याबरोबर सरावाला येऊन माझी प्रत्येक हूल शिकली होती. माझी जर्सीही तिलाच मिळाली. पहिल्याच सामन्यात तिने शहापूरच्या संघावर लोण चढवला आणि त्या दिवशी घरी येताना माणसं बाबांना गाठून सांगत होती, "मोठीपेक्षा धाकटी तुमची भारी आहे हां." पुढच्या सामन्याच्या सकाळी आईने अंडं कुंदाच्या बाजूला ठेवलं. आईच्या मनात काही नव्हतं. नियमच होता तो. कुंदाने अंडं मधोमध तोडून अर्धं माझ्याकडे सरकवलं. मी ते उचलून परत तिच्या बाजूला ठेवलं आणि उठून गेले. ती मला दया दाखवते आहे असं वाटून माझ्या अंगाचा जाळ झाला होता. ती मुद्दाम सावकाश खात बसली असती तर मला इतकं लागलं नसतं.

शेवटी बाबा मला कल्याणला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कुंदाही आली, कारण तिला कल्याणहून बूट घ्यायचे होते. डॉक्टरांनी मला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा दुमडला, माझ्या पावलावर स्वतः टेकून बसले आणि दोन्ही हातांनी नडगी धरून पुढे खेचली. ती सरकली. टेबलाचा खण ओढावा तशी पुढे आली. बाबांनी डोळे मोठे केले. मग डॉक्टरांनी डावा पाय तसाच खेचला. तो हलला नाही.

"लिगामेंट गेलंय," ते म्हणाले. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही हे बघून त्यांनी आपली मूठ तळहातावर ठेवून दाखवली. "मांडीचं हाड खालून असं गोल, नडगीचं हाड वरून असं सपाट. गोल वस्तू सपाट वस्तूवर आपोआप उभी राहील का?"

"नाय राहायची," बाबा म्हणाले.

"मग गुडघा उभा कसा राहतो? बांधलेला असतो म्हणून. दोन्ही बाजूंना एकेक पट्टा, दोरीसारखा चिवट. तो गुडघा आडवा फाकू देत नाही. आणि आत मधोमध दोन, एकमेकांना ओलांडून जाणारे. मागचा नडगीला मागे घसरू देत नाही, पुढचा पुढे येऊ देत नाही आणि वळताना पिळू देत नाही. हिचा तो पुढचा तुटलाय. सरळ चालायला त्याची फारशी गरज पडत नाही, म्हणून ही चालते. वळली की पडते."

मला एकदम रडू आलं. दुःखाने नाही. मी घाबरत नव्हते, खोटं बोलत नव्हते, हे कोणीतरी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं म्हणून. पण ते रडू पुरतं बाहेर यायच्या आत डॉक्टरांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या कुंदाकडे गेलं.

"ही बहीण ना? हीसुद्धा खेळते? ये, झोप इथे."

मला खाली उतरवून त्यांनी कुंदाला टेबलावर घेतलं, तिचा उजवा गुडघा दुमडला आणि खेचला. तो टक्कन थांबला. त्यांनी पुन्हा खेचला, पुन्हा तसाच थांबला. "हे बघा," ते बाबांना म्हणाले, "असा पाहिजे. सुंदर गुडघा आहे." बाबांनी पुढे होऊन कुंदाच्या गुडघ्यावर अंगठा दाबून पाहिला, गिरणीत तांदळाचा दाणा दाबून पाहायचे तसा, आणि त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. मी भिंतीला टेकून उभी होते. कुंदाचे केस लांब होते, रंग माझ्यापेक्षा उजळ होता, तिचा आवाज गोड होता, आणि या सगळ्याचा मला लहानपणापासून थोडाथोडा हेवा होता. पण त्या दिवशी मी तिच्या हाडांच्या आत, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी असलेल्या करंगळीएवढ्या दोरीचा हेवा केला. इतका कडक हेवा मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा केलेला नाही.

तुटलेली दोरी आपणहून जुळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुंबईला शस्त्रक्रिया करून नवी बसवतात, पण पुढे घरी आईने सुरीचं नाव ऐकताच हाय खाल्ली. दुसरा रस्ता म्हणजे मांडीचे स्नायू इतके बळकट करायचे की दोरीचं थोडं काम त्यांनी करावं. विशेषतः मांडीच्या मागचे, कारण ते नडगीला मागे ओढून धरतात. "चालशील, शेतात काम करशील, संसार करशील. उडी मारून वळणं बंद." बाबा कुंदाला घेऊन बूट घ्यायला गेले आणि मी थांबले ती व्यायाम शिकवणाऱ्या एका तरुण बाईंकडे. मी कशी पडले ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं आणि मग माझ्याकडूनच वदवून घेतलं: एका पायावर उतरले, गुडघा ताठ ठेवून उतरले, तो आत झुकला, आणि पाऊल रोवलेलं असताना अंग फिरवलं. "दोन्ही पायांवर उतरायचं. गुडघे वाकवून. आणि गुडघा पायाच्या बोटांच्या वर राहिला पाहिजे, आत जाता कामा नये," त्या म्हणाल्या. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर, असं मनाशी म्हणत मी घरापर्यंत आले.

मग गिरणीतल्या पोत्यावर बसून पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर, पाय खाली. पालथं झोपून टाच पाठीकडे. एका पायावर उभं राहून तोल. समोर गिरणीचा पट्टा फटफट फिरत असायचा. संध्याकाळी कुंदा सरावाहून यायची, तिच्या कोपरांना, गुडघ्यांना माती लागलेली असायची, आणि मला त्या मातीचासुद्धा राग यायचा. ती आल्याआल्या खाली बसून माझ्या पायाला पिशवी नीट बांधून द्यायची. मी तिला "थँक्यू" सोडा, "हं" सुद्धा म्हणत नव्हते. ती सामन्यातली एखादी गोष्ट सांगायला लागली की मी पाय जोरात हलवायची. माझ्या मांडीत बळ आलं ते डॉक्टरांमुळे आलं असं सगळे म्हणत. मला विचाराल तर अर्धं बळ त्या रागाचं होतं.

थंडीत मुरबाडजवळच्या म्हसा गावी म्हशाची जत्रा भरली. बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, भज्यांच्या कढया. त्या वर्षी गर्दीपासून थोडं लांब, कापणी झालेल्या शेतात ढेकळं फोडून कबड्डीचं मैदान केलं होतं आणि जिल्ह्याचे निवड करणारे तिथे येणार होते. सरांनी मलाही टेम्पोत घेतलं. मी मुलींच्या पाण्याच्या कळशीजवळ बसले. पहिल्या सामन्यात कुंदा साखळीवरून उडी मारून उतरली आणि मी बसल्या जागेवरून उठले. एक पाय. ताठ गुडघा. उतरताना तो आत झुकला, आणि तिने तसंच अंग फिरवलं. हुबेहूब मी. अर्थात, शिकली होती ती माझ्याकडूनच.

सामना संपल्यावर मी तिला मुलींसाठी लावलेल्या कनातीच्या मागे नेलं.

"कुंदे, एका पायावर उतरू नको. गुडघा आत जातो तुझा. माझा असाच गेला."

ती धापा टाकत होती. तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "आता सांगतेस? दोन सामन्यांच्या मध्ये?"

"आता दिसलं मला."

"निवडवाले बसलेत समोर, आणि तू मला भीती घालतेस?" तिचा आवाज चढला. गिरणीवाल्यांच्या घरातला आवाज तो, अख्ख्या कनातीने ऐकला. "तुझा मोडला म्हणून माझा पण मोडायला पाहिजे का गो? मी खेळते ते तुला बघवत नाय. अंडं दिलं तरी टाकतेस. बोललं तरी बोलत नायस. आणि आज एकदम माझ्या गुडघ्याची काळजी?"

मी खरं तेच सांगत होते. पण ते तिच्या काळजीने सांगत होते की तिची उडी बिघडावी म्हणून, हे माझं मलाच नक्की माहीत नव्हतं. ते आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

शेवटचा सामना मुरबाडच्या मुलींशी होता. दोन्ही संघ बरोबरीत असताना कुंदा चढाईला गेली. तिने एकीला शिवलं, तिघी साखळी करून तिच्यावर आल्या आणि तिने उडी मारली. उजव्या पायावर उतरली. गुडघा आत गेला, मी पाहिला. मी डोळे मिटले आणि कान त्या काटकीच्या आवाजाची वाट बघत राहिले. आला तो माणसांचा ओरडा. डोळे उघडले तर कुंदा मध्यरेषेपलीकडे दोन्ही हात वर करून उभी होती आणि मुली तिच्या गळ्यात पडत होत्या.

तिचा गुडघा टिकला. तेव्हा मला काय वाटलं ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर हे प्रकरण लिहायचं कारण नाही. मला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. मागोमाग जे आलं ते काळंकुट्ट होतं. एकाच आईच्या पोटातल्या दोघी, तेच खाऊन वाढलेल्या, तीच उडी, तीच चूक. माझी दोरी तुटली, तिची धरून राहिली. का? मी कळशीतलं उरलंसुरलं पाणी प्यायले, तिच्यासाठी घोटभरही ठेवलं नाही.

कुंदाची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. परतीच्या टेम्पोत मुली गाणी म्हणत होत्या, आम्ही दोघी दोन टोकांना बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर भात वाळत घालत होते. कुंदा आली, जवळ उभी राहिली, थोडा वेळ उगाच पायाने भात पसरत राहिली.

"ताय, काल शेवटची उडी मारली ना, तेव्हा तू बोललीस ते आठवलं. पाय टेकायच्या आधीच. लय भीती वाटली गो. दाखव ना, कसं उतरायचं."

माझ्या मनात आलं, सरांना विचार. तोंडातून निघालं, "ते पोतं आण इकडं." मी उडी मारून दाखवू शकत नव्हते. म्हणून तिला पोत्यावरून खाली उतरायला लावलं आणि मी समोर बसून तिच्या गुडघ्यांकडे बघायची. आत गेले की हाताने बाहेर लावायची. दोन्ही पावलं. वाक. आवाज नको. परत. जिल्ह्याच्या सराव शिबिराला जाईपर्यंत रोज सकाळी आम्ही खळ्यावर हेच केलं. उतरून लगेच वळायचं नाही, आधी छोटी पावलं टाकायची, हे मी माझ्या अकलेने त्यात घातलं. तिची उडी आणखी देखणी झाली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला एकदाही "छान" म्हटलं नाही. जीभच वळली नाही.

ती शिबिराला गेली, तिथून पुढे राज्याच्या संघात. घर मोठं वाटायला लागलं, अख्खं ताट माझ्या एकटीचं. बाबा ओटीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कुंदाचं सांगायचे आणि मी आतून ऐकायची. तिला मी घडवली असं एकदाही कोणी म्हटलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं. पण दळवी सरांनी आम्हाला खळ्यावर येताजाता पाहिलं होतं. एके दिवशी ते शाळेतल्या नव्या मुलींना घेऊन आमच्या दारात आले. "सुमन, यांना पण ते उतरायचं शिकव. अजून कोणाचा पाय जायला नको." मला आधी ते सांत्वनासारखं वाटलं आणि मी नको म्हणणार होते. मग त्यातल्या एका बारक्या मुलीने ओटीवरून उडी मारून दाखवली आणि तिचा गुडघा असा आत गेला की मी तिथूनच ओरडले. त्या दिवसापासून मी मैदानावर जायला लागले. आत्याने बघितलेल्या मुलाशीच पुढे माझं लग्न झालं, मुरबाडला गेले, तिथल्या शाळेतही हेच करत राहिले. आता जिना उतरताना माझा गुडघा कुरकुरतो, तेव्हा माझी मीच हसते. टीव्हीवर मॅटवरची कबड्डी बघताना घरातले गुण मोजतात, मी गुडघे बघते.

कुंदा राज्याकडून खेळून घरी आली तो दिवस मात्र सांगितला पाहिजे. अंगात राज्याचा ट्रॅकसूट, हातात मोठी बॅग. बाबांनी गिरणी बंद ठेवली होती. जेवण झाल्यावर ती मला शोधत मैदानावर आली. मुली रांगेत उभ्या राहून एकेक करून उडी मारून उतरत होत्या. तिला बघून एकदोघी हसल्या, एवढंच. बाकीच्यांचं लक्ष माझ्याकडे. "सुमाताय, माझं बघ." "ताय, आता बरोबर आलं का?" मी एकीच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "छान." कुंदा कडेला उभी राहून बघत होती, आणि हळूहळू तिचं तोंड आक्रसत गेलं. ते तोंड मला चांगलं ओळखीचं होतं. म्हशाच्या मैदानावर कळशीजवळ बसले तेव्हा माझं तेच होतं, आणि एरवीही वर्षभर मी तेच घेऊन वावरले होते. मी लपवत नाही, मला फार बरं वाटलं.

"या पोरींना छान बोलतेस," ती जवळ येऊन म्हणाली. "मला कधी नाय बोललीस."

"तू कधी विचारलं नायस."

"छान बोल म्हणून कोण विचारतं गो?"

तिने बॅग खाली ठेवली, ट्रॅकसूटची बाही वर सारली आणि त्या बारक्या मुलीच्या मागे रांगेत जाऊन उभी राहिली. मुली खुसुखुसु हसायला लागल्या. तिची पाळी आली. तिने उडी मारली, उंच, आणि उतरली. दोन्ही पावलं, वाकलेले गुडघे, बोटांच्या बरोबर वर, मातीत आवाजसुद्धा नाही. मी इतकं नीट उतरणं त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही पाहिलेलं नाही. ती तशीच वाकलेली राहून माझ्याकडे बघत होती. सगळ्या मुलीही माझ्याकडे बघत होत्या.

"परत," मी म्हटलं.

आणि राज्याची खेळाडू मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.